कडेला अडकलेला बाण

१

पडद्यावरचा बाण यादीतून खाली खाली गेला, शेवटच्या ओळीपाशी पोचला आणि तिथेच थांबला. साहेबांनी रिमोटवरचं कडं दाबून धरलं. यादीचं अख्खं पान एकदम उलटलं, नवी नावं आली, आणि बाण मात्र होता तिथेच, अर्धा पडद्याच्या कडेखाली.

"परत बघतो," साहेब म्हणाले. त्यांनी परत बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, बॅटऱ्या काढून पुसून घातल्या. बाण दर वेळी कडेला जाऊन थांबत होता.

दुपारचे दोन वाजले होते. ही माझी डुलकीची वेळ, आणि ऑफिसात ते सगळ्यांना माहीत आहे. एकतीस वर्षं मी या पेटंट वकिलांकडे आकृत्या काढते. लोक यंत्रं शोधून काढतात, साहेब त्यांचं वर्णन कुणालाही कळू नये अशा भाषेत लिहितात, आणि मी ती यंत्रं कागदावर रेघांनी उभी करते. मला सगळे पेन्सिलबाई म्हणतात. दोन ते अडीच मी उघड्या डोळ्यांनी झोपते. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत असतं, वस्तूंच्या कडा विरघळायला लागतात, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात नीट तेव्हाच दिसतं.

त्याच गुंगीत मी म्हणाले, "साहेब, हा तो रिमोट नाही."

तो रिमोट म्हणजे काय, ते सांगायला हवं. जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेले एक गृहस्थ आहेत. तरुणपणी छपराछपरांवर चढून अँटेना बसवायचे, म्हणून त्यांचं नावच अँटेनावाले पडलं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला लकवा झाला. नजर अधू झाली, आणि हलायचा तो फक्त डाव्या हाताचा अंगठा. टीव्हीवर कार्यक्रमांची लांबलचक यादी यायची, तिच्यातून त्यांचा बाण कुठेतरी हरवायचा आणि त्या रडकुंडीला यायच्या. नवऱ्याने त्यांच्यासाठी एक रिमोट बनवला. त्यावर बटणांची गर्दी नाही, एकच गोल कडं. बाण कडेजवळ आला की यादीच हळूहळू सरकायला लागायची आणि बाण आपसूक पडद्याच्या मधोमध परत यायचा. त्याला शोधावं लागायचंच नाही.

पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. एका मोठ्या कंपनीने विरोध केला होता, दोन जुने कागद पुढे केले होते. एकात बाण फिरवायची युक्ती, दुसऱ्यात पान उलटायची. निकालात लिहिलं होतं की या धंद्यातल्या कुठल्याही जाणकार माणसाने हे दोन कागद शेजारी ठेवले असते, तर त्याला ही गोष्ट सहज सुचली असती. त्यावर आमचं अपील होतं, आणि सुनावणी उद्या सकाळी अकराला.

साहेबांचा बेत साधा होता. भाषण थोडकं करायचं आणि रिमोट अपील मंडळाच्या तिघांच्या हातात द्यायचा. अँटेनावाल्यांना पैशाची फारशी आस नव्हती. भेटतील तेव्हा एकच म्हणायचे, ते मी केलं, एवढं कागदावर येऊ दे. आता तो रिमोटच बदललेला निघाला, तर उद्या ते कागदावर येणार नव्हतं.

"हा तो नाही, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं. "तुमच्याच आकृतीशी ताडून बघा की."

मी आकृती काढली आणि रिमोट शेजारी ठेवला. रेघ न् रेघ जुळत होती.

२

कड्याची जाडी तीच, पाठीवरचे पाच स्क्रू तेच, उजव्या बाजूला अंगठा टेकवायचा खळगा तोच. माझी आकृती आणि हा रिमोट, दोघांत डावंउजवं करायला जागा नव्हती. साहेब माझ्याकडे असं बघत होते की बाई झोपेत बरळतात.

आमच्याकडे नमुन्यांचं कपाट सांभाळणारे एक काका आहेत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून त्यांना आम्ही किल्लेदार म्हणतो. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, सात वर्षं डोळ्यांत तेल घालून कपाट राखतोय, माझ्या किल्लीवाचून तिथे माशी जायची नाही. नमुना बाहेर निघाला तो एकदाच, गेल्या सोमवारी. कंपनीचा इंजिनिअर पाहायला आला होता, पण पारदर्शक पिशवीतून, आणि ते स्वतः समोर बसून होते. हे सगळं सांगताना त्यांनी दोनदा कान खाजवला. एरवी कधी कान न खाजवणारा माणूस आहे तो, पण मी तेव्हा काही बोलले नाही.

साहेब गेले फोन करायला. मी रिमोट माझ्या उतरत्या टेबलावर आणला आणि पाठीचे स्क्रू सोडवले.

आत तारांची एक बारीक जुडी होती. आजकाल असल्या तारा प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात. इथे पांढऱ्या सुती दोऱ्याच्या तीन गाठी होत्या, आणि प्रत्येक गाठीवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब. जुने मेकॅनिक एकदा जुळवलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर असा थेंब देतात. पण दोऱ्याच्या गाठीवर देणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला होता. आकृतीसाठी मोजमापं घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा मूळ रिमोट उघडाच पडलेला होता आणि आत अशाच तीन गाठी होत्या. बायकोच्या बाटलीतलं नेलपॉलिश वापरतो म्हणून अँटेनावाले ओशाळं हसलेही होते.

म्हणजे रिमोट त्यांच्याच हातचा. मग मला तो परका का वाटत होता? मी नाक जवळ नेलं. नेलपॉलिशला अजून वास येत होता. सात वर्षं कपाटात बसलेल्या वस्तूला असा वास येत नाही.

मी माझी त्या वेळची कच्ची वही शोधायला उठले. माळ्यावरच्या तिसऱ्या खोक्यात ती सापडली. पेन्सिलीने काढलेला रिमोट, खाली त्या दिवसाची तारीख, कडेला माझ्या अक्षरात "दोरा, लाल थेंब". आणि अंगठ्याचा खळगा डाव्या बाजूला.

मी वही मिटली, पुन्हा उघडली. खळगा डावीकडेच होता.

३

आता ज्याला त्याला सांगत सुटावं अशी ही गोष्ट नाही, पण सांगते. आम्ही आकृती पारदर्शक ट्रेसिंग कागदावर काढतो. आधी नुसत्या रेघा, मग शेवटी आकडे आणि अक्षरं. ट्रेसिंगचा कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. जेवायला उठताना मी तो गुंडाळला असणार, परत आल्यावर पसरला तो पालथा, आणि वर मजेत आकडे घातले. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असली तर काही बिघडत नाही. हा रिमोटही सारखाच होता, एक खळगा सोडला तर. ज्या बाईचा फक्त डावा अंगठा चालतो तिच्यासाठी केलेला खळगा मी उजवीकडे छापून दिला होता, आणि सात वर्षं त्याच आकृतीकडे बघून स्वतःची पाठ थोपटत होते.

मला लाज वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली आणि लाज मागे पडली. टेबलावरच्या रिमोटचाही खळगा उजवीकडे होता. माझी चूक त्यात जशीच्या तशी उतरली होती. म्हणजे हा बनवणाऱ्याने खरा रिमोट कधी पाहिलाच नव्हता, त्याने माझी छापील आकृती पाहून हा केला होता.

आणि आतल्या गाठी? त्या कुठल्याही आकृतीत नव्हत्या. त्या फक्त खरा रिमोट बनवणाऱ्यालाच ठाऊक.

खरा रिमोट ज्याने कधी पाहिला नाही, आणि ज्याने तो स्वतः बनवला, अशा दोन माणसांचा हा एक हात होता. मी खिडकीपाशी बसून राहिले. ऊन टेबलाच्या टोकाला गेलं होतं. खालच्या रस्त्यावरून माणसं सावकाश सरकत होती, एक जाई तोवर खालून दुसरं येई, आणि मला वाटलं, मीच मधोमध थांबलेली आहे आणि रस्ताच वर सरकतोय.

तेवढ्यात कंपनीचा इंजिनिअर आला. सुनावणीआधी कागदांच्या प्रती एकमेकांना द्याव्या लागतात, तो त्या घेऊन आला होता. गोरटेला, अदबशीर, बोलण्यात साखर. साहेबांनी ताकास तूर लागू दिली नाही. तो मात्र निघताना माझ्या टेबलापाशी थांबला.

"सोमवारी पिशवीतून एकदा दाबून पाहिला होता मी," तो म्हणाला. "तुमचा बाण कडेला फार छान थांबतो. उद्या सगळ्यांना दाखवू."

४

साहेब खुर्चीत बसले ते बसलेच. विरोधकांना आधीच माहीत होतं. नमुना मागे घ्यावा तर ते विचारणार का, आणि दाखवावा तर फजिती. एक मात्र कळलं, बदल सोमवारच्या आधीचा होता आणि तो इंजिनिअरने केलेला नव्हता. ज्याला उद्या आमची फजिती बघायची आहे तो ती आज आम्हाला कशाला सांगेल, असं साहेब म्हणाले. मला वाटलं, ज्याला आपण जिंकलोच असं वाटतं तो सांगतोच.

मी किल्लेदारांच्या कपाटाशी गेले आणि स्टूल ओढून बसले. काही विचारलं नाही. दहा मिनिटं मी नुसती बसले आणि त्यांनी तीन वेळा कान खाजवला.

मग ते आपण होऊन बोलायला लागले. महिन्यापूर्वी सुनावणीची तारीख लागली म्हणून त्यांनी खोकं काढलं, तर ते रिकामं. त्यांची पाचावर धारण बसली. साहेबांना सांगायचा धीर होईना. गुपचूप अँटेनावाल्यांना फोन केला. ते म्हणाले, माझ्याकडेच असेल, आणून देतो. तीन आठवड्यांनी त्यांनी रुमालात गुंडाळून आणून दिला. मालकच तो, म्हणून किल्लेदारांनी नोंद न करता खोक्यात ठेवला.

"पण बाहेर गेला कधी?" मी विचारलं.

किल्लेदारांनी खालच्या कप्प्यातून जुनी नोंदवही काढली. दीड वर्षापूर्वीच्या एका पानावर ओळ होती. रिमोटचा नमुना, नेणाऱ्याची सही अँटेनावाल्यांची, वेळ सकाळी साडेनऊ. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "एका दिवसासाठी". परत आल्याचा रकाना कोरा होता.

मी ती तारीख कागदावर उतरवून घेतली. आता संशय घ्यायचा तर एकाच माणसाचा घ्यावा लागत होता, आणि तोच तर खरा रिमोट जन्माला घालणारा. पण त्यांना एक मुलगी होती. लहानपणी तिने बापाच्या मांडीवर बसून तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकून घेतलं होतं, हे त्यांनीच कौतुकाने मला सांगितलं होतं. रिमोट झाला तेव्हा ती लांब नोकरीला होती. गाठी तिला येत असणार, आणि खरा रिमोट तिने कदाचित पाहिलेला नसणार. शिवाय कंपनीने तडजोडीची भाषा केली तेव्हा हो म्हणा असा तिचाच आग्रह होता.

मी साहेबांना न सांगता चप्पल घातली.

५

मुलीचं चष्म्याचं दुकान आहे. भिंतभर काचा, आरसे, रिकाम्या चौकटी. संध्याकाळचा उजेड आत येऊन इतक्या ठिकाणी फुटत होता की माणूस नक्की कुठे उभं आहे ते कळेना. ती बारीक स्क्रू बसवत होती. मला पाहून म्हणाली, "मावशी, बसा. एवढा एक बसवते."

मी रिमोट तिच्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं, हा तू केलास का?

ती रिमोटकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी नाही. बाबांनी केलाय."

"बाबांनी केला असता तर खळगा डावीकडे असता."

"त्यांना माहीत नाही, मावशी."

मग तिने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. गेल्या वर्षी बाबांना मेंदूज्वर झाला. चाळीस दिवस इस्पितळात होते. घरी आले ते चालतेबोलते, हात तसेच, धंदा तसाच, पण आठ वर्षं पुसली गेलेली. आईचा लकवा, तिचं दुखणं, तिचं जाणं, यातलं काही नाही. त्यांच्या आठवणीतली आई दोन्ही हातांनी भराभर कामं करते. आई गेली हे त्यांना मुलीने सांगितलं. ते म्हणतात, रोज सकाळी मला आठवतं की मला असं सांगितलं होतं. आणि रिमोट त्याच आठ वर्षांतला. तेव्हापासून ऑफिसात ते गप्प बसून मान हलवत, बोलायची ती मुलगी. तडजोड करा असं ती म्हणत होती ते एवढ्यासाठीच, की भरसभेत बाबांना कुणी प्रश्न विचारू नये.

माझा गुंता एका झटक्यात सुटला. खरा रिमोट बनवणारा आणि तो कधीच न पाहिलेला, दोन्ही एकच माणूस होता. गाठी हातांना पाठ होत्या, त्या आठ वर्षांच्या आधीच्या होत्या. रिमोट डोक्यातून गेला होता, तो आठ वर्षांतला होता. मला फार वाईट वाटलं. कोडं इतकं नीट सुटल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"मग खरा कुठे आहे?" मी विचारलं आणि नोंदवहीतली तारीख तिच्यापुढे ठेवली.

तिने तारीख वाचली आणि हातातला पेचकस खाली ठेवला. "या दिवशी दुपारी आईला स्मशानात नेलं," ती म्हणाली. "सकाळी बाबा मध्येच तासभर कुठे गेले कुणालाच कळलं नाही. आले आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी आईच्या डाव्या हाताखाली ठेवलं. मला वाटलं, चष्मा असेल."

भिंतीवरच्या आरशांत आम्हीच बसलेल्या होतो, पुष्कळ. निघताना तिने मला शपथ घातली नाही, पण सुनावणी होईपर्यंत हे बाबांना कळू नये असं म्हणाली, आणि मी हो म्हटलं.

६

अँटेनावाल्यांच्या घरी दिवे लागले होते. टेबलावर भिंग, डाग द्यायची कांडी, दोऱ्याचं रीळ. समोरच्या भिंतीवर माझी आकृती चौकटीत लावलेली. अर्ज दाखल झाला तेव्हा मीच ती त्यांना हौसेने दिली होती.

मी काही म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "ओळखलंत ना, ताई."

मी मान हलवली. ते सांगू लागले. फोन आला तेव्हा घर पालथं घातलं. काय शोधतोय तेच माहीत नव्हतं, तरी शोधत राहिले. वर्णनाचे कागद साहेबांकडे होते, ते मागितले असते तर का म्हणून विचारलं असतं. मग भिंतीवरच्या चित्राबरहुकूम अंग बनवलं. आत काय घालायचं? विरोधी कंपनीचे ते दोन जुने कागद निकालासोबत घरी आले होते. त्यावरून जे सुचलं ते चिपमध्ये भरलं.

"ते मी केलं, असं सगळे सांगतात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी रोज बघतो. कुणातरी हुशार माणसाचं काम आहे असं वाटतं. तो मी आहे, एवढं कुणीतरी शिक्का मारून सांगितलं ना, म्हणजे माझी आठ वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत असं होईल."

ते दोन कागद भिंगाखाली शेजारी शेजारी मांडलेले होते. समासात पेन्सिलीच्या खुणा, बाण, गोल, खोडलेलं, परत लिहिलेलं. मी विचारलं, यावर किती दिवस घालवलेत?

"तीन आठवडे. दिवसभर. याच्यापुढे गाडी जाईना."

मला निकालातलं वाक्य आठवलं आणि मी उभीच राहिले. धंद्यातला कुठलाही जाणकार माणूस, दोन कागद शेजारी, आणि सहज सुचलं असतं. तो जाणकार माणूस माझ्यासमोर बसला होता. चाळीस वर्षांचा हात, तीन आठवडे, दोन्ही कागद, आणि त्याला सुचलं ते एवढंच, की बाण कडेला जाऊन थांबतो.

मी हे बोलून दाखवलं. मुलगी एव्हाना दुकान बंद करून आली होती, ती एकदम नाही म्हणाली. बाबांनी चारचौघांत उभं राहून आपलं डोकं रिकामं झालंय म्हणून सांगायचं, ते कशासाठी? त्यापेक्षा हरलेलं बरं. तिचंही खरंच होतं. यात बोलायचा मान माझा नव्हता.

अँटेनावाल्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "उद्या काय बोलायचं ते महिनाभर कळत नव्हतं," ते म्हणाले. "आता निदान कळलं."

७

सुनावणीची खोली उंच छताची आणि थंडगार होती. मंडळाच्या मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. कंपनीच्या वकिलांनी सुरुवातीलाच नमुना चालवून दाखवायची विनंती केली. पडद्यावर बाण खाली गेला आणि कडेला थांबला. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. इंजिनिअर माझ्याकडे बघत होता.

साहेबांना आम्ही रात्रीच सगळं सांगितलं होतं. ते उठले आणि म्हणाले, हा मूळ नमुना नाही, आणि तो का नाही हे अपीलकर्ते स्वतः सांगतील.

आधी मला उभं राहावं लागलं. कच्ची वही दाखवून मी माझी उलटी आकृती कबूल केली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, एकतीस वर्षांत ही एकच चूक का? मी म्हटलं, सापडलेली एकच. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मग अँटेनावाले उभे राहिले. आजारपण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. मग रिमोट हातात घेतला. "या धंद्यात माझी चाळीस वर्षं गेली. ते दोन कागद तीन आठवडे माझ्यापुढे होते. आत काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून त्यातून जे सुचेल ते केलं. मला हे सुचलं." त्यांनी कडं दाबलं. पान उलटलं, बाण कडेलाच राहिला.

कंपनीचे वकील म्हणाले की हे सगळं सोंग असू शकतं. साहेबांनी इस्पितळाचे कागद आणि जुनी नोंदवही पुढे केली. मग कंपनीचे वकील म्हणाले की आठ वर्षांपूर्वी याच माणसाला सुचलं, म्हणजे गोष्ट सुचण्यासारखीच होती. अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न अँटेनावाल्यांना विचारला. तेव्हा कसं सुचलं असेल?

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "तेव्हा घरात ती होती," ते म्हणाले. "तिला बाण सापडायचा नाही, असं लेक सांगते. माझ्या आठवणीतल्या तिला सगळं सापडतं. मग बाण मधे आणायचं माझ्या मनात तरी कशाला येईल?"

जेवणानंतर निकाल वाचला. फेटाळणीचा आदेश रद्द, पेटंट द्यावं, आकृती आठ दिवसांत सुधारून द्यावी. शोधकर्ता म्हणून अँटेनावाल्यांचं पूर्ण नाव अध्यक्षबाईंनी सावकाश वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि वाचून झाल्यावरही काही वेळ त्यांनी मान वर केली नाही.

बाहेरच्या लांब बोळात आम्ही तिघं बाकावर बसलो. साहेब सह्या करायला गेले होते. खिडक्यांमधून दुपारचं ऊन येत होतं आणि माझी डुलकीची वेळ झाली होती, पण झोप नव्हती.

"खरा कुठे आहे गं?" अँटेनावाल्यांनी मुलीला विचारलं. "तुम्हा दोघींना माहीत आहे. कालपासून बघतोय मी."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं. सकाळी साडेनऊला ऑफिसात केलेली सही, रुमाल, आईचा डावा हात. काही लपवलं नाही.

ते ऐकत राहिले. बोळाच्या टोकाला कुणीतरी दार उघडलं, उजेडाची पट्टी लांब झाली, परत आखडली.

"बॅटऱ्या होत्या त्यात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"असतील. मी तसाच ठेवणार नाही." मग मान हलवून, ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "बरं केलं मी."